अर्धा इंच जास्त

तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की मी "पट्टे बनवते" म्हणून सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला: चामड्याचे का? मी सांगते, पाठीचे. त्यावर समोरचा माणूस हमखास आपली कंबर धरतो आणि कुठे दुखतं ते दाखवू लागतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर तेरवीच्या जेवणात. सव्वीस वर्षं हे चाललं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहाच असा आग्रह झाला तेव्हा वाटलं, एकदा कागदावर सगळं सांगून टाकावं, म्हणजे पुढच्या पंगतीत मला जेवता येईल.

भिलाईच्या कॅम्प-1 वस्तीत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी दोन खोल्यांची कार्यशाळा आहे. पुढच्या खोलीत पेशंट, पडदा आणि एक उंच टेबल. मागच्या खोलीत प्लॅस्टरची पोती, प्लॅस्टिकचे पत्रे तापवायची भट्टी आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी. पाठीचं हाड मोडलेल्या माणसासाठी, वाकलेल्या म्हातारीसाठी, वाढत्या वयात कणा एका बाजूला कलू लागलेल्या मुलीसाठी डॉक्टर जे कडक जॅकेट लिहून देतात, ते आम्ही इथे बनवतो. ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या अंगाभोवती गुंडाळून साचा घ्यायचा. त्यात प्लॅस्टर ओतलं की माणसाचं धड तयार. ते धड कानशीने घासायचं. जिथे दाब द्यायचा तिथे खोल करायचं, जिथे मोकळीक हवी तिथे भर टाकायची. मग तापून मऊ झालेलं प्लॅस्टिक त्यावर चढवायचं आणि थंड झालं की कापून काढायचं. माझे वडील इथल्या स्टील प्लांटात क्लार्क होते. मुलगी नागपूरहून शिकून येते आणि गवंड्यासारखी पांढरी होऊन घरी येते, हे त्यांना शेवटपर्यंत नीटसं पटलं नाही.

आता कणा. त्याचे मणके मानेत सात, छातीच्या मागे बारा, कमरेत पाच. त्याखाली पाच मणके एकमेकांना जुळून एकच हाड झालेलं, आणि शेवटी माकडहाडाचे चार बारके तुकडे. वरच्या मणक्यांच्या मधे चकत्या असतात, बाहेरून चिवट आणि आतून ओलसर. दिवसभराच्या भाराने त्यांच्यातलं पाणी थोडं दबून बाहेर जातं, रात्री झोपलो की परत येतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा थोडे उंच असतो. मानेतला भाग वळण्यासाठी, कमरेतला वाकण्यासाठी. छातीमागचा भाग मात्र बरगड्यांनी बांधलेला, त्यामुळे ताठर. बाजूने पाहिलं तर कणा नागमोडी असतो, आणि तसाच असायला हवा. पोटातल्या बाळाच्या पाठीला एकच बाक असतो. ते मान धरू लागलं की मानेचा बाक येतो, उभं राहू लागलं की कमरेचा. मागून पाहिलं तर मात्र कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे.

आणि या मणक्यांच्या आतल्या बोगद्यातून मज्जारज्जू जातो. म्हणजे भार सोसायचा म्हणून भक्कम हवं, वाकायचं म्हणून लवचीक हवं, आणि आतली नाजूक दोरी दाबली जायला नको. ही तिन्ही कामं एकाच वस्तूकडून करून घ्या, असं प्लांटातल्या एखाद्या इंजिनिअरला सांगितलं असतं तर त्याने फाइल परत पाठवली असती.

लोकांना वाटतं, पट्टा म्हणजे बळ. तसं नाही. पट्टा म्हणजे उधारीचे स्नायू, आणि जास्त दिवस ठेवले तर घरचे स्नायू काम सोडतात. प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरमधले डोंगरेकाका, निवृत्त फोरमन, एकदा जुना पट्टा घेऊन आले. "सेम असाच पाहिजे, फक्त कलर तपकिरी. पँटले मॅच होते."

मी विचारलं, "डॉक्टरांनी किती दिवस सांगितला होता, काका?"

"सहा हप्ते."

"अन् झाले किती?"

"तीन वर्षं. पन आता त्याच्याबिना मले उभंच राहावत नाही ना!"

मी नवा पट्टा दिला नाही. रोज एक तास कमी करा, आणि हे चार व्यायाम, असं सांगितलं. ते रागावून गेले आणि दुसरीकडून तपकिरी पट्टा घेऊन आले, मला दाखवायला मुद्दाम गल्लीतून चक्कर मारली. पण वर्षभराने मैदानात सकाळी फिरताना भेटले, शर्ट खोचलेला, पट्टा नाही. म्हणाले, "बाई, तुमचा धंदा तुमीच बुडवून राहिल्या."

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांत मी शहाणी ठरते. ज्या गोष्टीत मी शहाणी ठरले नाही, ती सांगायला बसले आहे.

बारा-तेरा वर्षं झाली. जवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून मंदाताई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी पायल, आठवीत. मंदाताईचा नवरा रेल्वे यार्डात, डबे जोडायच्या कामावर. मूळ गाव भंडाऱ्याकडचं. मंदाताई घरी शिलाई करायची. कॉलनीतल्या अर्ध्या बायकांची ब्लाउजं आणि शाळेचे गणवेश तिच्याच मशीनवर व्हायचे. पायलचा कणा मागून पाहिल्यावर सरळ नव्हता, एका बाजूला वळला होता, आणि वळता वळता पिळलाही होता. असं मुलींमध्ये वाढीच्या वयात होतं. वाकडं बसल्याने नाही, दप्तराच्या ओझ्याने नाही. का होतं ते बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. मंदाताईला हे पहिल्याच दिवशी मी दोनदा सांगितलं, कारण अशा आया स्वतःलाच दोष देत बसतात.

डॉक्टरांनी वळण मोजलं होतं, अठ्ठावीस अंश. वाढ संपायला अजून दोन-अडीच वर्षं होती. तेवढ्या काळात ते वळण वाढत गेलं तर पाठ उघडून सळया घालायचं ऑपरेशन. ते टाळायचं तर ब्रेस, म्हणजे आमचं जॅकेट, दिवसाचे वीस तास.

"मंग पाठ सरळ होऊन जाईन?" मंदाताईने विचारलं.

"नाही. आहे तेवढ्यावर थांबवायची. तुमच्या साहेबांच्या यार्डात डबा घसरू नये म्हणून चाकाखाली ठोकळा लावतात ना, तसं. ठोकळा डबा मागे नेत नाही."

"समजलं," ती म्हणाली. तिला खरंच समजलं होतं.

साचा घ्यायच्या दिवशी मी रायपूरहून परत येत होते आणि वाटेत कुम्हारीला ट्रक उलटल्यामुळे बस दोन तास अडकली. माझी साथीदार फुलेश्वरी हिने साचा घेतला. ती प्लॅस्टरमध्ये माझ्यापेक्षा हुशार आहे. चूक तिची नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. मुलीला चौकटीवर झोपवून, हलकं ताणून साचा घेतला की वळण बरंच कमी होतं. त्यामुळे माझ्यापुढे आलं ते धड दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच होतं. कुठल्या बाजूला दाब द्यायचा हे मला एक्सरेच्या फिल्मवरूनच ठरवायचं होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. छातीचा एक्सरे आपण नेहमी माणूस समोर उभा आहे असं धरून बघतो. त्यामुळे हृदयाची सावली आपल्या उजव्या हाताला दिसते. पण वाकड्या कण्याचे डॉक्टर तीच फिल्म मागून बघितल्यासारखी लावतात, कारण त्यांना काम पाठीवर करायचं असतं. तेव्हा हृदय डाव्या हाताला येतं. त्या काळात माझ्याकडे अशा मुली वर्षाकाठी एक-दोनच यायच्या. बाकी सगळी मोडलेल्या हाडांची जॅकेटं, आणि त्यांत डावं-उजवं फारसं महत्त्वाचं नसतं. डॉक्टर एरवी चिठ्ठीवर बाजू लिहायचे. या वेळी त्यांनी फिल्मवरच, दाब द्यायच्या बाजूला, पेन्सिलीने बाण काढला होता.

मी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. हृदय डावीकडे दिसलं. हाताला सवय होती. मी मनात म्हटलं, पाकिटात उलटी गेलेली दिसते, आणि फिल्म फिरवून, माणूस समोर उभा असल्यासारखी, नीट लावली. त्यावरून कागदावर रेघा काढल्या आणि तो कागद घेऊन धडाच्या पाठीवर काम केलं. अभिमानाने केलं. दोन दिवस कानस चालवली. दाब देणारी आतली गादी डावीकडे बसवली. पाहिजे होती उजवीकडे.

ब्रेस घालून बघायला पायल आली तेव्हा मी तिला बनियानवर ब्रेस चढवली, पट्टे आवळले, काखेत टोचतं का बघितलं, बसवून बघितलं. ती जराशी तिरकी उभी राहिली. नवीन आहे, सवय होईल, असं मला वाटलं. मी ब्रेस बघत होते आणि फिल्म बघत होते. पोरीची पाठ मी बघितलीच नाही.

मंदाताई आतून हात घालून गादी चाचपत होती. "मॅडम, हे गादी उलट्या अंगाले तर नाही ना लागली? हिचं उजव्या खांद्याचं पातं बाहेर येते."

"ताई, एक्सरे खोटं बोलत नाही," मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढेही बोलले, "तुम्ही कपडे शिवा, पाठ आमच्यावर सोडा."

तिने ब्रेसमधून हात काढून घेतला. पुढची फिल्म तीन महिन्यांनी होती. म्हणजे वाढीच्या ऐन भरात तीन महिने ती ब्रेस पोरीला वाकड्या बाजूने आणखी ढकलत राहिली असती, आणि कुणाला कळलं नसतं.

चौथ्या दिवशी फुलेश्वरी मागच्या खोलीत आली. "दीदी, वो नोनी के दाई फेर आय हे. गठरी धरे हे."

त्या पोरीची आई गाठोडं घेऊन परत आली होती. मी कानस ठेवून बाहेर आले. मंदाताई आणि पायल. पायलच्या अंगात ब्रेस नव्हती. ती मंदाताईने पिशवीत घालून आणली होती. मी त्यावरून बोलणार तेवढ्यात तिने गाठोडं सोडलं आणि माझ्या टेबलावर शाळेचे तीन कुर्ते उलटे करून मांडले, शिवण वर.

"हा सहावीचा. पाहा, दोन्ही अंगं सारखे. हा सातवीचा. इथं उजव्या पात्याजवळ पाव इंच जास्त सोडला मी, नाही तं तो वर चढे. हा आठवीचा, या जूनमधला. अर्धा इंच." तिने बोट शिवणीवर ठेवलं, उजव्या. "तुमी म्हनलं एक्सरे खोटं बोलत नाही. मंग माहं कापड खोटं बोलते का?"

पायल भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "मम्मी, चलो ना. आंटी को सब पता है."

आंटीला काही पता नव्हतं. मी पडदा ओढला आणि पायलला म्हटलं, हात जोड आणि खाली वाक, पायाच्या अंगठ्यांकडे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. शाळेतली शिक्षिकासुद्धा करू शकते. डॉक्टरांनी केली होती म्हणून मी केली नव्हती. पायल वाकली आणि उजवीकडच्या बरगड्या डावीकडच्यांपेक्षा वर उचलल्या गेल्या. स्वच्छ दिसत होतं.

मी पेटीवर फिल्म लावली, पाकिटातून निघाली तशीच, न फिरवता. डॉक्टरांचा बाण उजवीकडे. हृदय डावीकडे, जिथे ते त्यांना हवं होतं तिथेच.

अशा वेळी बोलायला फार थोडे मार्ग असतात. "मंदाताई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "गादी उलट्या बाजूला लागली. तुम्ही त्या दिवशीच सांगितलं होतं."

ती बराच वेळ कुर्त्यांच्या घड्या घालत राहिली. मला वाटलं आता आरडाओरड होईल, आणि व्हायलाही हवी होती. तिने एकच विचारलं, "चार दिवसांत पोरीच्या पाठीले काही झालं तं नाही ना?"

"चार दिवसांत नाही. तीन महिन्यांत झालं असतं."

"मंग ठीक. मी बी एकदा एका बाईच्या लग्नातल्या ब्लाउजचा गळा मांगचा समोर केला होता. रडून काय होते? उसवला, अन् परत शिवला. तुमी बी उसवा."

प्लॅस्टिक उसवता येत नाही. मी ती ब्रेस तिच्यासमोर कटरने दोन तुकडे करून टाकली, म्हणजे ती चुकूनही कुणाच्या अंगात जायला नको. मग डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "फिल्म कोणी फिरवली?"

"मी."

मग, "नवी कधी देता?"

"परवा."

"द्या," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर बाजू अक्षरात लिहिलेली असते, खाली दोन रेघा मारून. मी कधी त्यावर बोलले नाही, तेही नाहीत.

या वेळी साचा मी स्वतः घेतला. मानेच्या तळाशी जे हाड हाताला लागतं त्याला दोरा चिकटवून खाली वजन सोडलं. दोरा किती सरकतो ते बघितलं. प्रत्येक मणक्याच्या टोकावर ओल्या जांभळ्या पेन्सिलीने खूण केली. मंदाताई शेजारी उभी राहून मोजत होती आणि एकदा म्हणाली, "एक सुटला." सुटला होता.

पायलने ती ब्रेस आणि तिच्यानंतरची मोठी, अशा दोन ब्रेस मिळून सव्वादोन वर्षं घातल्या. भिलाईच्या मे महिन्यात अंगात प्लॅस्टिकचं जॅकेट घालून वीस तास राहणं काय असतं, हे मला सांगता येणार नाही, मी कधी घातलं नाही. ती भांडायची. एकदा आली आणि म्हणाली, "आंटी, क्लास में सब इसको ठक-ठक बजाते हैं. दरवाजे जैसा."

"मग तू काय करतेस?"

"मैं पूछती हूँ, कौन?"

एका उन्हाळ्यात ती ब्रेस दुपारभर काढून कूलरमागे ठेवत होती. मला पट्ट्यांवरून कळलं. रोज घातलेल्या ब्रेसचे पट्टे इतके स्वच्छ राहत नाहीत. मी रागावले. मंदाताई रागावली नाही. तिने घरी जाऊन एक बनियान शिवली. बाजारातल्या बनियानीला बाजूला शिवण असते आणि ब्रेसखाली तीच शिवण दिवसभर रुतते, घामाने तिथे पुरळ उठतं. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मंदाताईने जुन्या धुवून मऊ झालेल्या सुती साडीची बनियान केली, शिवण एकच, समोर, जिथे ब्रेसची फट येते तिथे. कूलरमागचा प्रकार बंद झाला. आज माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ब्रेसबरोबर तिच्या हातच्या तीन बनियानी जातात. चरोद्यात आता दोन मशीन आहेत आणि एक बाई कामाला.

आणखी एक बदल झाला. माझ्या पेशंटच्या कागदावर पहिला प्रश्न वयाचा नाही, दुखण्याचाही नाही. पहिला प्रश्न: घरी तुमचे कपडे कोण शिवतं, पाठ कोण चोळून देतं? लोक हसतात. एका तरुण डॉक्टरने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, रेल्वे कॉलनीत आहे. पण एका म्हाताऱ्याच्या सुनेने सांगितलं, यांचा लेंगा वर्षभरापासून जमिनीवर लोळतो आहे. त्यावरून आम्ही फिल्म काढायला पाठवलं आणि दबलेला मणका सापडला. लेंगा लांब झाला नव्हता, सासरे आखूड झाले होते.

दहावीच्या निकालानंतर पायलची शेवटची फिल्म निघाली. वाढ थांबली होती. डॉक्टरांनी लिहिलं, एकोणतीस. सव्वादोन वर्षांत एक अंश, आणि एक अंश म्हणजे मोजणाऱ्याच्या पेन्सिलीचा फरक. ब्रेस हळूहळू सोडवा, ऑपरेशनची गरज नाही.

फिल्म मी बघितली. मागून, बरोबर लावून. तरी मला पूर्ण खात्री वाटेना. एकदा भाजलेला हात असतो. तेवढ्यात मंदाताईने पिशवीतून गाठोडं काढलं. या वेळी न सांगताच. नववीचा कुर्ता, दहावीचा कुर्ता, आणि अकरावीचा, जो आदल्या दिवशीच बेतला होता, पुरता शिवलाही नव्हता, नुसते टाके घातले होते. तिन्ही उलटे करून टेबलावर.

"पाहा मॅडम. अर्धा. अर्धा. अन् हा बी अर्धाच."

आमच्या धंद्यात काही न होणं हेच यश असतं, आणि ते दाखवता येत नाही. एवढं नीट मांडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी फुलेश्वरीला चहा सांगायला पाठवलं.

पायल आता नोकरीला आहे, रायपूरला जाऊन-येऊन करते. तिचे कुर्ते अजून आईच शिवते, उजवीकडे अर्धा इंच जास्त. माझी ब्लाउजंही गेली दहा वर्षं मंदाताईच शिवते. मागच्या महिन्यात माप घेताना मी तिला सहज म्हटलं, "तुमच्या हातचं ब्लाउज जसं बसतं तसं कुणाचं बसत नाही. आधीची सगळी उजव्या खांद्यात ओढायची."

ती तोंडात टाचण्या धरून होती. त्या काढून म्हणाली, "ओढतीनच ना. इतक्या वर्षांपासून कानस चालवून राहिल्या तुमी. उजवा खांदा पुढं आला तुमचा, पाठ बी तिकडून भरली. मी पहिल्या ब्लाउजपासून पाव इंच जास्त सोडून राहिली."

"मग सांगितलं का नाही?"

"दुखते का?"

"नाही."

"मंग कावून सांगू?" ती म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात धरल्या. "हात वर करा, मॅडम."

मी हात वर केले.